कानात गाणे, पायाखाली रस्ता

पोलीस भरतीची जाहिरात निघालेली असो वा नसो, गोंदिया जिल्ह्यातील रस्त्यांवर पहाटे साडेचारपासून धावणाऱ्यांची पावले वाजू लागतात. आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, तिरोडा, गोरेगाव. तालुका कोणताही घ्या, गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर तरुण मुले-मुली धावताना दिसतात. कोणाला पोलीस व्हायचे आहे, कोणाला सैन्यात जायचे आहे, कोणाला वनरक्षक. शहरातला हौशी धावपटू पदकासाठी किंवा पोट कमी करण्यासाठी धावतो. इथला तरुण घर चालवायला नोकरी हवी म्हणून धावतो. त्यामुळे 'गंभीर धावपटू' हा शब्द इथे फार खरा आहे.

यातील अनेकांच्या कानात इअरफोन असतात. गाणे लावले की थकवा कळत नाही, पाय आपोआप चालतात, असा त्यांचा अनुभव. दुसरीकडे जुने प्रशिक्षक मैदानावर मोबाइल दिसला की रागावतात. दोघांचेही काही अंशी खरे आहे. कोणाचे कुठे खरे आणि कुठे चुकते, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. कारण यात कामगिरीचा प्रश्न आहे, कानाचा आहे आणि कधी कधी जिवाचाही आहे.

संगीताने खरेच फरक पडतो का?

पडतो. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कोस्टास कारागिऑर्गिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले आहे. २०२० साली त्यांनी व पीटर टेरी यांनी मिळून १३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. व्यायाम करताना संगीत ऐकल्याने मन अधिक प्रसन्न राहते, कामगिरी थोडी सुधारते, श्रम थोडे कमी जाणवतात आणि शरीर ऑक्सिजनही किंचित काटकसरीने वापरते, असे त्यातून दिसले. सर्वांत ठळक परिणाम मनःस्थितीवर होता, बाकीचे लहान होते. हृदयाच्या ठोक्यांवर मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे गाणे ऐकताना धावणे सोपे वाटते, पण हृदयावरचा भार जवळपास तेवढाच राहतो. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, पुढे तिचा संबंध येणार आहे.

कसलेल्या खेळाडूंवरही प्रयोग झाले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ अव्वल ट्रायथलॉनपटूंना ट्रेडमिलवर थकून थांबेपर्यंत धावायला लावले. पावलांच्या लयीशी जुळणारे संगीत असताना ते संगीताविना धावण्याच्या तुलनेत जवळपास १८ ते २० टक्के अधिक वेळ टिकले. गंमत अशी की, गाणे जोश देणारे आहे की साधेच आहे, याने फारसा फरक पडला नाही. महत्त्वाची ठरली ती लय.

धावण्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण इथिओपियाच्या हाइले गेब्रसेलासी यांचे. १९९८ साली बर्मिंगहॅमच्या बंदिस्त मैदानावर २००० मीटरचा विश्वविक्रम करताना त्यांच्या आग्रहावरून ध्वनिवर्धकावर 'स्कॅटमन' हे गाणे वाजत होते. त्या गाण्याचा ठेका त्यांच्या धावण्याच्या लयीला साजेसा होता.

यामागचे कारण अवघड नाही. मेंदूची लक्ष देण्याची क्षमता मर्यादित असते. दुखणारे पाय, धापणारी छाती आणि वाजणारे गाणे एकाच दाराशी गर्दी करतात. गाणे आत शिरले की थकव्याच्या निरोपाला जागा कमी उरते. शिवाय माणसाचे शरीर ठेका पकडते आणि एकसारख्या लयीत हालचाल केली की शक्ती कमी वाया जाते. झाडीपट्टीला हे प्रयोगशाळेने सांगण्याची गरज नाही. रोवणीच्या दिवसांत चिखलात तासन् तास वाकून धान लावणाऱ्या बायांची गाणी याच कामाची आहेत. सारख्या लयीचे, लांबलेले, कंटाळवाणे काम गाण्याने हलके होते. पण तेच धानाचे पोते पाठीवर घेताना कोणी गाणे म्हणत नाही. तेव्हा श्वास रोखलेला असतो आणि सगळे लक्ष पाठीत व पायांत असते.

ज्या वेगाची परीक्षा, त्या वेगात गाणे दुबळे

नेमका हाच फरक धावण्यातही आहे. हलक्या आणि मध्यम वेगात संगीताचा उपयोग होतो. वेग वाढून दम लागू लागला, स्नायूंत जळजळ सुरू झाली की शरीराचे निरोप इतके मोठ्याने येतात की गाणे त्यांना झाकू शकत नाही. त्या टप्प्यावर श्रम कमी जाणवण्याचा फायदा जवळपास संपतो, हे कारागिऑर्गिस यांच्याच लेखनात वारंवार आले आहे.

आता भरतीचे गणित पाहू. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात पुरुषांसाठी १६०० मीटर आणि महिलांसाठी ८०० मीटर धावण्याला २० गुण आहेत. पुरुषांना पूर्ण गुणांसाठी ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत यावे लागते, महिलांना २ मिनिटे ५० सेकंदांच्या आत. ४०० मीटरच्या मैदानावर म्हणजे मुलाने चारही फेऱ्या सरासरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत आणि मुलीने दोन फेऱ्या ८५ सेकंदांत पूर्ण करायच्या. हा वेग हलका नाही. गाणे जिथे निरुपयोगी ठरते, त्याच पट्ट्यातला हा वेग आहे.

अशा शर्यतीत बहुतेकांचे गुण दम कमी पडल्याने जातात त्याहून अधिक वेगाचा अंदाज चुकल्याने जातात. पहिली फेरी ६८ सेकंदांत मारायची आणि तिसऱ्या फेरीत लटपटायचे, हे चित्र प्रत्येक भरतीत दिसते. साडेसत्त्याहत्तर सेकंदांची फेरी कशी वाटते, हे पायांना, श्वासाला आणि कानाला ठाऊक असावे लागते. किती पावलांना एक श्वास, पाय जमिनीवर कसा आपटतो, शेजारच्याची धाप आपल्यापेक्षा जास्त की कमी, यावरून धावणारा आपला वेग मोजत असतो. गाणे हे सगळे झाकते आणि वर स्वतःचा वेग लादते. एका गाण्याचा ठेका जलद, पुढच्याचा संथ. धावणाऱ्याला कळतही नाही आणि वेग वरखाली होतो.

अमेरिकेत १९७७ साली मॉर्गन आणि पोलॉक या संशोधकांनी मॅरेथॉनपटूंचा अभ्यास केला होता. सामान्य धावपटू धावताना मन दुसरीकडे गुंतवतात, तर अव्वल धावपटू मुख्यतः आपल्या शरीराकडे लक्ष देतात, असे त्यांना आढळले. पुढच्या संशोधनाने हे चित्र इतके काळे-पांढरे नाही हे दाखवले. चांगले धावपटूही मधूनमधून मन भटकू देतात. पण कसोटीच्या वेळी ते शरीराकडे परत येतात. ही सवय आहे आणि ती सरावातच लागते. रोज गाण्याच्या कुबडीवर धावणाऱ्याला ती लागायला संधीच मिळत नाही.

आणि परीक्षेच्या दिवशी ही कुबडी काढून घेतली जाते. भरतीच्या मैदानावर मोबाइल, इअरफोन चालत नाहीत. जागतिक अॅथलेटिक्सच्या नियमांतही स्पर्धेच्या क्षेत्रात रेडिओ, मोबाइल किंवा तत्सम उपकरण जवळ बाळगणे हे बाहेरची मदत मानले जाते. अमेरिकेच्या अॅथलेटिक्स संघटनेने २००७ साली रस्त्यावरच्या शर्यतींत इअरफोनवर सरसकट बंदी घातली. हौशी धावपटूंनी आरडाओरडा केल्यावर पुढच्या वर्षी ती सैल केली, पण पदक वा बक्षिसासाठी धावणाऱ्यांना सूट मिळाली नाही. २००९ मध्ये मिलवॉकीच्या मॅरेथॉनमध्ये महिलांत सर्वांत आधी पोहोचलेली धावपटू अनधिकृत ठिकाणी पाणी घेतल्याने बाद झाली आणि तिच्यामागून आलेली आयपॉड वापरल्याने. ज्याला निकाल हवा त्याने निकालाच्या अटींवरच सराव करावा, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

रस्त्याचा आवाज

कामगिरीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी रस्त्याचा मुद्दा उरतो आणि आपल्याकडे तो सर्वांत मोठा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी मार्गावरील काटली गावाजवळ पहाटे व्यायामासाठी बाहेर पडलेल्या मुलांना ट्रकने चिरडले. चार मुलांचा जीव गेला. ही घटना इअरफोनची म्हणून इथे सांगायची नाही. पहाटेचा रस्ता किती बेभरवशाचा असतो, एवढ्यासाठीच तिची आठवण. रात्रभर गाडी हाकून डुलकी लागत असलेला चालक, रेतीचे टिप्पर, मागचा दिवा नसलेला ट्रॅक्टर, धुके आणि खचलेली साइडपट्टी हे सगळे आपल्या रस्त्यावर एकाच वेळी हजर असते. अशा वेळी मागून येणाऱ्या गाडीची खबर फक्त कान देतो. डोळे समोर असतात.

अमेरिकेत २००४ ते २०११ या काळात हेडफोन लावलेल्या पादचाऱ्यांच्या ११६ अपघातांचा अभ्यास झाला. त्यांतील ८१ जण, म्हणजे सुमारे ७० टक्के, मरण पावले. दोनतृतीयांश जखमी-मृत ३० वर्षांखालील होते. निम्म्याहून अधिक अपघात रेल्वेगाडीशी झाले होते. २९ टक्के घटनांत गाडीने भोंगा वाजवून इशारा दिल्याची नोंद होती. हे आकडे बातम्यांवरून गोळा केलेले आहेत, त्यामुळे हेडफोनमुळेच अपघात झाला असे प्रत्येक बाबतीत म्हणता येणार नाही. तरीही हावडा-मुंबई रेल्वेमार्ग ज्या जिल्ह्यातून जातो, तिथल्या वाचकाने ते दोनदा वाचावेत.

एकाच कानात इअरफोन लावला तर चालेल का, असे विचारले जाते. दोन्ही कानांपेक्षा बरे, पण पुरेसे नाही. आवाज कोणत्या दिशेने आला हे मेंदू दोन कानांतल्या सूक्ष्म फरकावरून ठरवतो. एक कान बंद केला की गाडी ऐकू येते, पण ती कुठून येते हे चटकन कळत नाही. बाहेरचा आवाज गाळणारे नवे इअरफोन तर रस्त्यावर सर्वांत घातक. कानाचे छिद्र मोकळे ठेवून हाडातून आवाज पोहोचवणारे हेडफोन तुलनेने सुरक्षित आहेत, पण लक्ष विभागले जाणे त्यानेही थांबत नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांतून धावणाऱ्यांना आणखी वेगळे सांगायला नको. झुडपातली अस्वलाची खसखस गाण्याच्या आवाजात ऐकू येत नाही.

शरीराची हाक

डॉक्टरांच्या दृष्टीने आणखी एक धोका आहे आणि त्याची चर्चा कमी होते. गाण्याने श्रम कमी जाणवतात, श्रम कमी होत नाहीत. निरोगी माणसाने बेताच्या हवामानात धावताना याचा फायदाच होतो. पण विदर्भाच्या उन्हाळ्यात किंवा पावसानंतरच्या दमट उकाड्यात डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे हे शरीराचे पहिले इशारे असतात. ते वेळेवर ऐकले तर माणूस सावलीत बसतो, पाणी पितो आणि बचावतो. धावताना होणाऱ्या उष्माघातात घाम सुरूच असू शकतो, त्यामुळे घाम येतोय म्हणजे सारे ठीक, हा समज खरा नाही. धावणारा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर त्याला लगेच सावलीत घ्यावे, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि त्याच वेळी १०८ ला फोन करावा.

पूर्व विदर्भाला सिकलसेलचीही पार्श्वभूमी आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आणि तपासण्या वाढल्या, तरी आपण वाहक आहोत हे ठाऊक नसलेले तरुण आजही आहेत. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहकाने धावायला, पोलीस व्हायला वैद्यकदृष्ट्या सहसा अडचण नसते. अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांवरील २०१६ च्या अभ्यासात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले नाही. मात्र अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटण्याचा धोका त्यांच्यात सुमारे दीडपट होता. अशा वेळी मांड्या-पोटऱ्या अचानक दुखू लागतात, पायांतले बळ जाते, पुढे लघवी काळ्या चहासारखी होते. 'अजून एक फेरी, गाणे संपेपर्यंत' ही जिद्द तिथे महागात पडू शकते. भरतीचा सराव सुरू करणाऱ्या प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी एकदा करून घ्यावी. ज्याला सिकलसेलचा आजारच आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा सराव सुरू करू नये.

कान एकदाच मिळतात

आतल्या कानातल्या ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, ९० डेसिबल मात्र फक्त चार तास. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. रोज एक तास, आठवड्यातले सहा दिवस, वाऱ्याच्या व गाड्यांच्या आवाजावर मात करण्यासाठी मोठा केलेला आवाज ही मर्यादा सहज ओलांडतो. हातभर अंतरावरच्या माणसाचे साधे बोलणे कळत नसेल तर आवाज जास्त आहे, असे समजावे. धावून आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर तो इशारा आहे. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कानही तपासले जातात, हे उमेदवारांनी विसरू नये.

पावसाळ्यात घाम आणि दमटपणा कानात कोंडला की बुरशी होते. खाज, पाणी, दडे बसणे अशा तक्रारी सुरू होतात. इअरफोन मित्रामित्रांत फिरवू नयेत, पुसून कोरडे ठेवावेत आणि कानात काडी, पिन, कोमट तेल काहीही घालू नये.

मग काय करावे?

संगीत टाकून द्यावे, असे म्हणणे चुकीचे ठरेल. मधुमेह वा रक्तदाबासाठी चालू लागलेल्या पन्नाशीच्या माणसाला गाण्याने गोडी लागत असेल तर त्याने बंद मैदानात, बागेत, हलक्या आवाजात जरूर ऐकावे. त्याच्यासाठी रोज बाहेर पडणे हेच मोठे यश आहे. नोकरीसाठी वा पदकासाठी धावणाऱ्याचा हिशेब वेगळा आहे. त्याने गाणे भातावरच्या मिठासारखे वापरावे. सरावाआधी अंग मोकळे करताना ऐकावे, जोश येतो. सराव संपल्यावर ऐकावे, शरीर सैलावते. मैदानाच्या आत, वाहने नसलेल्या जागी हलक्या लांब धावेत आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी, तेही सगळ्यांना ऐकू जाईल अशा छोट्या स्पीकरवर लावावे. वेगाच्या फेऱ्या, घड्याळ लावून घेतलेली चाचणी आणि रस्त्यावरची प्रत्येक धाव मात्र मोकळ्या कानांनीच व्हावी. हलक्या धावेचा वेग बरोबर आहे का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येणे. त्यासाठी शेजारी कोणीतरी हवा आणि कान उघडे हवेत. रोवणीची गाणीही बायांच्या स्वतःच्याच तोंडून येतात, त्यांचे कान एकमेकींसाठी मोकळे असतात.

मुलींचा एक मुद्दा मात्र टाळता येत नाही. रस्त्याने येणारे-जाणारे जे बोलतात ते ऐकू येऊ नये म्हणून अनेक मुली इअरफोन घालतात. त्यांना 'कान उघडे ठेवा' एवढेच सांगणे अन्यायाचे आहे. एकटीने अंधारात धावताना मागे कोण आहे हे ऐकू येणे तिच्या सुरक्षिततेसाठी गरजेचे आणि जे ऐकू येते ते सहन न होणारे, असा हा पेच आहे. तो मुलींनी एकट्याने सोडवायचा नाही. चार-पाच जणींनी मिळून धावावे, हे खरे. पण तालुक्याचे क्रीडा संकुल आणि शाळा-महाविद्यालयांची मैदाने पहाटे साडेचारला उघडी असावीत, तिथे दिवे असावेत आणि महिला पोलिसांची एखादी फेरी व्हावी, ही जबाबदारी प्रशासनाची आणि गावाची आहे.

मुलांसाठीही हेच लागू आहे. ज्या गावात मैदान नाही तिथे मामा तलावाची रुंद पाळ किंवा गावाबाहेरचा पांदण रस्ता दुरुस्त करून धावण्याजोगा करणे ग्रामपंचायतीला अशक्य नाही. तोपर्यंत रस्त्यावर धावावेच लागले तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने, एकामागे एक, अंगात पांढरे किंवा चमकणाऱ्या पट्ट्यांचे कपडे घालून धावावे. आणि मोबाइल घरी ठेवावा, किंवा अडीनडीसाठी जवळ असलाच तर तो खिशात, गप्प असावा.